पंख्याच्या मागची जागा

"तंबू मी शिवलाय. तुम्हाला एकच काम आहे, जागा बघायची," गाडीत बसता बसता बायकोनं पुन्हा बजावलं.

"बघतो म्हटलं ना."

"नुसतं बघतो नको. नीट बघतो म्हणा. आडोशाची, वारा न लागणारी."

"अगं, वाऱ्याचं तू मला सांगतेस?" असं म्हणून पंखेवाले दिमाखात पुढच्या सीटवर बसले.

त्यांचा दिमाख अगदीच पोकळ नव्हता. उभा जन्म त्यांनी पंखे दुरुस्त करण्यात घालवला होता. छताचे, टेबलावरचे, भिंतीवरचे. कुरकुरणारे, डुगडुगणारे, नुसतेच गुणगुणत एका जागी बसून राहणारे. गिऱ्हाईक दारात उभं राहून तोंडानं आवाज काढून दाखवी आणि पंखेवाले तेवढ्यावरून पंख्याचं दुखणं सांगत. त्यामुळे वारा हा आपल्या दुकानातलाच माल आहे, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती.

दुकान एकच, पण अर्धं त्यांचं आणि अर्धं बायकोचं. बायको छत्र्या दुरुस्त करायची. उन्हाळ्यात हा कोपरा गजबजे, पावसाळ्यात तो. अलीकडे मात्र तिच्या कोपऱ्यात माशा मारायची वेळ आली होती. छत्री मोडली की लोक नवीच घेत. आणि ज्यांनी दुरुस्तीला दिल्या, ते न्यायलाच येत नसत. दहा वेळा निरोप धाडूनही माळ्यावर अशा बेवारशी छत्र्यांचा ढीग साचला होता. शेवटी एक दिवस तिनं सगळ्या खाली काढल्या, काड्या वेगळ्या केल्या, कापड उसवलं, धुतलं आणि दुहेरी शिवण घालून त्याचा तंबू शिवायला घेतला. बरंचसं कापड काळं; पण मध्येच एक चौकडीचं, एक वांगी रंगाचं आणि दाराच्या वर एक पोपटी, ज्यावर लाल लाल चेरी होत्या.

हा तंबू तिनं तळ्याकाठच्या मुक्कामाच्या मैदानावर नेऊन दाखवला होता. मैदान सांभाळणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांच्याकडचे भाड्यानं द्यायचे तंबू गेल्या हंगामात वाऱ्यानं फाडून टाकले होते. त्यांनी गाठोडं न उलगडताच वरचं कापड चिमटीत धरून ओढून पाहिलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, "एक रात्र इथं राहा. सकाळी तंबू धड दिसला, तर पुढच्या हंगामाचे सगळे तंबू तुम्ही शिवा."

तेव्हापासून बायकोचे पाय जमिनीला लागत नव्हते. आता तो तंबू, तान्हं लेकरू धरावं तसा मांडीवर घेऊन ती मागच्या सीटवर बसली होती. शेजारी तिची धाकटी बहीण. आणि गाडी चालवत होते धाकटीचे यजमान, म्हणजे पंखेवाल्यांचे साडू. साडू गाडी शिकवायचे मास्तर. त्यांची गाडीही शिकवणीचीच, म्हणजे डाव्या बाजूलाही एक ब्रेक असलेली.

"दादा, पाय आवरा!" गाडी गचका खाऊन थांबली तसे साडू ओरडले. "तो ब्रेक माझा आहे."

"समोरून ट्रक येत होता."

"तो उभा होता!"

"उभा असलेलाच कधी सुटेल ते सांगता येत नाही, साडूबुवा."

मागून धाकटी म्हणाली, "भावजी, तुम्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसा बघू." आणि पंखेवाले उरलेला रस्ता खरोखरच मांडी घालून गेले.

मैदान मोठं देखणं होतं. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला टेकडी, मध्ये मोकळं गवत. एक मोठा खडक, एक एकटं झाड, इकडे तिकडे लोकांचे तंबू. आणि पार त्या टोकाला शिट्टीबाईंची लाकडी खोली, तिच्या कडेला जळणाच्या लाकडांची रचलेली भिंत.

शिट्टीबाई गमबूट घालून बाहेर आल्या. त्यांनी चौघांकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं.

"वारा संध्याकाळी सुटतो. जागा तुमची तुम्ही निवडा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बायकोनं मान वळवून इकडे तिकडे पाहिलं. "अहो, ह्यांच्या खोलीच्या मागंच लावूया का? भिंत आहे, लाकडं आहेत, वारा येणार कुठून?"

"घरामागं लपायचं होतं तर आपल्याच न्हाणीमागं लावला असता की!" पंखेवाले म्हणाले. "जागा बघायचं काम कुणाचं?"

"तुमचं."

"मग?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. पंखेवाल्यांनी बोट ओलं करून वर धरलं, डोळे मिटले, आणि पंखा तपासताना करत तसा कान तिरका केला.

"आता नीट ऐका. वारा तळ्याकडून येतोय. म्हणजे पंखा तळ्याकडे. बरोबर?"

"बरोबर," साडू म्हणाले.

"पंख्याचा वारा लागतो कुठं? पुढं. पंख्याच्या मागं कधी वारा लागलाय?"

"छे!"

"मग आपण पंख्यापासून लांब का पळायचं? उलट जवळ जायचं. तळ्याला अगदी खेटून बसलो, की आपण पंख्याच्या मागं."

साडूंनी कौतुकानं मान डोलावली. धाकटीलाही ते पटलं. बायको तळ्याच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आणि पंखा तळ्याच्या पलीकडे असला तर?"

पंखेवाल्यांनी खुंट्यांची पिशवी खांद्यावर टाकली आणि ते तळ्याकडे चालू लागले.

तळ्याकाठी तंबू उभा राहिला तेव्हा खरंच दृष्ट लागावी असा दिसत होता. मध्ये एक उंच खांब, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, आणि दारावरची चेरी उन्हात चमकत होती. येणारे जाणारे थांबून बघत. "कुठून घेतला?" असं एकानं विचारलं, तर "घरचाच आहे," असं पंखेवाल्यांनी इतक्या सहज सांगितलं की शिवणारे तेच वाटावेत. धाकटीनं किटली काढली. चहा कपात पडायला लागला.

पडत होता तो कपात, पण पोचला साडूंच्या सदऱ्यावर. मध्ये वारा आला होता. तळ्यावरून तो सरळ धावत आला आणि तंबूच्या पोटात शिरला. तंबू पुरीसारखा टम्म फुगला. पुढच्या खुंट्या पटापट जमिनीतून उडाल्या. बायकोनं झेप घेऊन कापडाला मिठी मारली, धाकटीची टोपी गवतावरून गडगडत गेली.

वारा जरा ओसरल्यावर बायको केस मागे सारत हळूच म्हणाली, "पंखा पलीकडे निघाला वाटतं."

"मोठ्या कंपनीचा दिसतोय," पंखेवाले पुटपुटले. "चला, खडकामागं."

खडकामागची जागा खरोखर चांगली होती. दगड पुरुषभर उंच, मागे गवत जराही हलत नव्हतं. पंखेवाल्यांची छाती पुन्हा दोन बोटं वर आली. "पहिली जागा मी मुद्दाम घेतली होती," ते म्हणाले. "वाऱ्याचा जोर कळावा म्हणून." बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं पुरतं.

आडोसा शोधण्यात मात्र त्यांच्या आधी कुणीतरी नंबर लावला होता. तंबू उभा राहून साडू आत टेकतात न टेकतात, तोच ते बाहेर आले. आले म्हणजे कसे, नाचतच आले.

"मुंग्या! आत मुंग्यांची अख्खी वसाहत आहे!"

"चावल्या का?"

"चावल्या का काय विचारता, दादा? चावतायत अजून!"

धाकटी यजमानांना झाडू लागली. इतकी जोरात, की मुंग्यांपेक्षा धाकटीचाच मार जास्त बसला असावा. बायकोनं मात्र साडूंकडे ढुंकूनही न पाहता तंबू उपटला आणि प्रत्येक शिवण झटकून बघू लागली.

मग झाड. झाडाच्या बुंध्याला टेकून तंबू लागला. सावली होती, मुंग्या नव्हत्या, वारा पानांतच अडकत होता. पंखेवाले पाय पसरून बसले. पण बायको काही खाली बसेना. मान वर करून ती एकटक बघत होती.

"काय बघतेस?"

"ती फांदी. वाळलेली आहे."

फांदीनं तेवढ्यात कर्र असा आवाज केला.

"पडली तर माझ्या शिवणीचं काय होईल?"

"ताई, पडली तर आपलं काय होईल?" धाकटी म्हणाली.

"तुम्ही काय, बरे व्हाल गं. कापड कसं बरं होणार?"

आता ऊन कलायला लागलं होतं. वारा मघासारखा अधूनमधून न येता बैठक मारून वाहायला लागला होता. इतर तंबूंतले लोक दोऱ्या ताणून आत जाऊन बसले होते. मुंग्या, फांदी हे सगळं थट्टेवारी नेता येत होतं. पण बायको आता बोलत नव्हती. नुसती तंबूच्या कडेची एक दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ती अशी गप्प बसली की पंखेवाल्यांना घर फार मोठं वाटायला लागे. इथं तर अख्खं मैदान होतं. छत्र्यांचा तो रिकामा कोपरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि तिथं बसून रस्त्याकडे बघणारी ती.

ते ताडकन उठले. मैदानाच्या मध्यापलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी त्यांना एक खोलगट जागा दिसली होती. वाटीसारखी.

"ती बघा! वाटी! वारा वरच्यावर निघून जाईल. चला, काढा तंबू."

"पुन्हा काढायचा?" साडूंनी कंबरेवर हात ठेवला. "काढा, गुंडाळा, उलगडा, ठोका. तोवर अंधार पडेल. त्यापेक्षा मी काय म्हणतो, उभाच नेऊ."

"उभाच?"

"बंद पडलेली गाडी आपण सुटी करून नेतो का? ढकलत नेतो. हा तर नुसता कापडाचा. आतून एकानं खांब धरायचा, बाहेरून तिघांनी दोऱ्या धरायच्या. पाच मिनिटांचं काम."

पंखेवाल्यांना ही युक्ती फार आवडली. धाकटी सगळ्यांत उंच, म्हणून तिची रवानगी आत झाली.

"दार बांधून घ्या," बायको म्हणाली. "वारा आत शिरेल."

"आत तुझी सख्खी बहीण आहे. तिला गुदमरवतेस? हवा खेळती पाहिजे. खोलीत हवा कोंडली की पंखासुद्धा काम करत नाही."

"अहो, ही खोली नाही, छत्री आहे! उघड्या तोंडानं वाऱ्यात नेली की काय होतं ते मी रोज बघते."

"दुकानात बघतेस. हे मैदान आहे."

आणि वरात निघाली. मैदानावरच्या लोकांनी पाहिलं ते असं: एक काळा तंबू आपल्या दोन पायांनी चालला आहे, पायांत निळ्या चपला आहेत, आणि तीन माणसं त्याला गुरासारखं दोरीला धरून नेत आहेत.

"उजवा पाय, धाकटे. आता खड्डा आहे," पंखेवाले पुढून सांगत.

"मला खड्डा दिसत नाहीये, भावजी! मला काहीच दिसत नाहीये!"

"मी दिसतोय ना, तेवढं पुरे."

"तुम्हीसुद्धा नाही!"

अशी ती मंडळी बरोबर मैदानाच्या मध्यावर पोचली. जिथं ना खडक होता, ना झाड, ना कुंपण. आणि वाऱ्यालाही बहुधा त्यांची तिथेच वाट बघायची होती.

उघड्या दारातून तो आत घुसला. तंबूनं एक मोठा श्वास घेतला. आतून धाकटी किंचाळली, "ताई गं, खांब वर चाललाय!" आणि मग खांब, तंबू, निळ्या चपला आणि दोरीला लोंबकळणारी तीन माणसं, सगळं एकदम सुटलं.

"सोडू नका!" बायको ओरडली.

"ब्रेक! ब्रेक दाबा!" साडू ओरडत होते.

"इथं कुठाय ब्रेक?"

"मग पाय रोवा! टाचा रोवा, दादा!"

पंखेवाल्यांनी टाचा रोवल्या. त्यांच्या मागे गवतात नांगरल्यासारखी रेघ उमटत गेली, पण वेग कमी होईना. एका कुटुंबाचं जेवण मांडलं होतं. त्या सगळ्यांनी आपापली ताटं उचलून पाय वर घेतले आणि तंबू त्यांच्या मधून निघून गेला. कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल पंखेवाल्यांच्या तोंडावर येऊन बसला तो बसलाच. आता धाकटीला दिसत नव्हतं आणि त्यांनाही दिसत नव्हतं.

"समोर खोली आहे!" साडूंचा आवाज आला. "शिट्टीबाईंची खोली! डावीकडे घ्या! डावीकडे! उजवी दोरी ढिली, डावी ओढा, पूर्ण ओढा!"

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या आवाजात काहीतरी असतं. पंखेवाल्यांनी टॉवेलाआडून दिसेल ती दोरी ओढली, बायकोनं तिची ढिली केली, आणि तंबू एका अंगावर कलून खोलीच्या कोपऱ्यावरून वळला. मागच्या अंगाला आला. आणि थांबला.

कुणी थांबवला नाही. वाराच संपला. कुणीतरी बटण बंद केल्यासारखा. फुगलेल्या कापडातून हवा निघून गेली आणि तंबू खोलीची मागची भिंत आणि लाकडांची रास यांच्या मधोमध हळूच उतरून सरळ उभा राहिला. खांबाला घट्ट मिठी मारलेली धाकटी आतून म्हणाली, "आलं का आपलं ठिकाण?"

तेवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली.

शिट्टीबाई खिडकीतून सगळं पाहत होत्या. त्या बाहेर आल्या. पंखेवाल्यांनी तोंडावरचा टॉवेल काढला आणि काय करावं ते न सुचून घडी घालून त्यांच्या हातात दिला. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती तंबूकडे बघतच नव्हती. जमिनीकडे बघत होती.

शिट्टीबाईंनी तंबूला एक फेरी मारली. बोट शिवणीवरून फिरत होतं. एक शिवण, दुसरी, कोपऱ्यातल्या दोऱ्यांची टोकं. दाराशी त्या थांबल्या. वर बघितलं. पोपटी कापड, त्यावर लाल चेरी.

"हे कापड कुठून आणलंत?"

"बाई, ते," बायको जमिनीकडेच बघत म्हणाली. "दुरुस्तीला आलेल्या छत्र्या. कुणी न्यायलाच आलं नाही. मी फार निरोप धाडले. बरीच वर्षं वाट बघितली, खरंच."

"ही माझी आहे."

पंखेवाल्यांनी डोळे मिटले. साडू दोन पावलं मागे सरकले आणि लाकडाच्या राशीला टेकले. म्हणजे आता तंबू तर गेलाच, वर छत्री चोरल्याचा बट्टाही लागणार.

"या मैदानावर नोकरीला लागले त्याच आठवड्यात घेतली होती," शिट्टीबाई म्हणाल्या. "पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली. काड्या मोडल्या. तुमच्याकडे टाकली आणि न्यायला यायची लाज वाटली. मैदान सांभाळणारीला छत्री सांभाळता आली नाही, असं कोण म्हणवून घेणार?" त्यांनी चेरीवर अंगठा फिरवला. "तेव्हा नुसत्या वाऱ्यात टिकली नाही. आज तीन माणसं बाहेरून लोंबकळली आणि एक आतून, तरी एक टाका निसटला नाही."

बायकोनं पहिल्यांदाच मान वर केली.

"रात्रभर थांबून आणखी काय बघायचं? तंबू शिवा. सगळे तुम्हीच शिवा." मग त्यांनी पंखेवाल्यांकडे पाहिलं. "मात्र एक अट. तंबूबरोबर ह्यांना पाठवायचं नाही."

धाकटी तंबूच्या दारातून डोकं काढून इतकी हसली की खांब पुन्हा हलला. बायकोही हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पंखेवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

त्या रात्री बाहेर वारा काय धुमाकूळ घालत होता ते त्यांना कळलंच नाही. सकाळी उठून बाहेर येऊन बघतात तर मैदानावरचे बरेच तंबू आडवे झालेले, लोक खुंट्या शोधत फिरतायत. ह्यांच्या तंबूची एक घडीसुद्धा विस्कटली नव्हती. बायको दारात बसून चहा पीत होती. नजर कुठेतरी लांब, बहुधा मनातल्या मनात कापड बेतत होती.

पंखेवाले शेजारी येऊन बसले. टाचा दुखत होत्या, पण मान ताठ होती. भिंतीकडे पाहिलं, लाकडांच्या राशीकडे पाहिलं, बोट ओलं करून वर धरलं. वाऱ्याचा लवलेश नव्हता.

"काही म्हण," ते म्हणाले, "शेवटी जागा मी झकास निवडली."

"इथंच लावूया, असं मी आल्या आल्या म्हटलं होतं."

"तेव्हा मला ती नीट समजली नव्हती."

बायकोनं आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.

"असू दे," ती म्हणाली. "माझं नाही ऐकलंत तरी वाऱ्याचं ऐकलंत. पण त्याला बिचाऱ्याला तुम्हाला मैदानभर फरफटत आणावं लागलं. मी नुसतं तोंडानं सांगते, तिथंच माझं चुकतं."